आठ आठवडे ‘आत्ता’ शिकायला गेले होते, त्याचा रिव्ह्यू

माइंडफुलनेसचा (म्हणजे आत्ता जे चाललंय तिथेच मन ठेवायला शिकवणारा) कोर्स संपून अडीच महिने झाले. मुद्दामच थांबले होते लिहायला, कारण शेवटच्या दिवशी सगळेच भारावलेले असतात आणि त्या भरात लोकांनी लिहिलेलं वाचूनच मी पैसे भरले होते (पाच तारे, आयुष्य बदललं, डोळे उघडले वगैरे). माझं आयुष्य काही बदललेलं नाही. साडेतीन तारे देतेय, आणि ते कशाचे ते जरा सविस्तर सांगते, कारण मला असं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

आधी गिऱ्हाईक कसलं होतं ते सांगते. गाडी सुटायच्या दीड तास आधी स्टेशनवर पोचून ‘उशीर तर नाही ना होणार’ म्हणणारी बाई म्हणजे मी. फोन करायचा असला की आधी मनात दोन्ही बाजूंचं बोलून घेते, समोरच्याने काय म्हटल्यावर मी काय म्हणणार ते सगळं, आणि मग फोन उचललाच जात नाही. सुट्टीला गेलं की दुसऱ्या दिवसापासून डोक्यात परतीची बॅग. नवरा म्हणतो तू घरात दिसतेस खरी पण राहतेस पुढच्या गुरुवारी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, माझ्या वैऱ्यांना कधी कामच पडलं नाही. आणि नुसती काळजीच असते असंही नाही हं, चांगल्याचंही तेच, मनातले मांडे इतके खाऊन होतात की खरं पान वाढलं जाईपर्यंत भूकच गेलेली असते.

निमित्त झालं लेकीच्या शाळेतल्या नाटकाचं. तिला एकच वाक्य होतं. घरी महिनाभर ते वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, बाथरूममधून, जिन्यातून, झोपेतूनसुद्धा. त्या दिवशी ती स्टेजवर आली आणि मी मनात ‘विसरेल का, विसरली तर रडेल का, रडली तर मी आत जाऊ का इथूनच खूण करू’ एवढं करत बसले, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं की तिचं बोलून झालं. मी ऐकलंच नाही. बाहेर आल्यावर विचारते, “आई, मागपर्यंत आला का गं आवाज?” मी म्हटलं, “मस्त आला.” त्या रात्री कोर्स शोधला.

तर कोर्स हा असा: माइंडफुलनेसचा, आठ आठवड्यांचा, ऑनलाइन. आठवड्याला एकदा अडीच तासांचं सेशन आणि रोजचा घरचा अभ्यास पाऊण तासाचा. हो, पाऊण तास, आठवड्यातले सहा दिवस. जाहिरातीत हे अगदी बारीक अक्षरात होतं, त्याचा अर्धा तारा मी तिथेच कापलाय. साचा त्यांचा स्वतःचा नाही, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या कोर्सचा आहे. तिथे सुरुवातीला येणारे लोक म्हणजे जुनाट दुखण्यांचे पेशंट, डॉक्टरांनी ‘याच्यापुढे आमच्याकडे फार काही नाही’ म्हटलेले. हे मला आवडलं, कारण मुळात ही गोष्ट आनंदी लोकांना अजून आनंदी करायला निघालेलीच नव्हती. दुखणं राहणारच आहे, आता त्याच्याबरोबर राहायचं कसं, इथून सुरुवात. आता ती जाहिरातीत येते तेव्हा मात्र समुद्रकिनारी पाठ ताठ करून बसलेली एक बाई असते आणि तिला कसलंही दुखणं नसतं.

पहिल्या सेशनला बेदाणा. एक बेदाणा हातात घ्यायचा आणि असा बघायचा की जन्मात पाहिला नाहीये. सुरकुत्या बघा, उजेडात धरा, कानाजवळ नेऊन दोन बोटांत चुरगाळा (आवाज येतो! बारीक चिकट चर्र असा, मी कधी ऐकला नव्हता), वास घ्या, ओठाला लावा, आणि सगळ्यात शेवटी तोंडात, तेही लगेच चावायचं नाही. मला हे सगळं अत्यंत हास्यास्पद वाटत होतं आणि स्क्रीनवरच्या पंधरा चौकोनांत पंधरा मोठी माणसं कानाला बेदाणा लावून बसलेली बघून हसू आवरेना. पण मग एक झालं. बेदाणा अजून बोटांतच होता, ओठांपर्यंतही पोचला नव्हता, आणि तोंडाला पाणी सुटलं. म्हणजे तोंडाने तो आधीच खाऊन टाकला होता. शरीर सुद्धा पुढच्या गुरुवारी राहतं की काय. आमच्या बाई म्हणाल्या (शिकवणाऱ्या, त्यांना सगळे बाईच म्हणायचे), “सुटू दे पाणी, त्याला काही करायचं नाही, फक्त बघा सुटलं म्हणून.” हे ‘फक्त बघा’ पुढच्या आठ आठवड्यांत मी निदान हजार वेळा ऐकलं असेल आणि पहिली पाचशे वेळा चिडले.

बॉडी स्कॅन म्हणजे आडवं पडून डाव्या पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष नेत जायचं. रेकॉर्डिंग मिळतं. रेकॉर्डिंगचा आवाज चांगला आहे पण मागे कुठेतरी पंखा खुडखुड करतोय, तो एकदा कानाला लागला की सुटत नाही. मला पहिले दोन आठवडे एकतर झोप लागायची नाहीतर गुडघ्यापर्यंत आले की मन पुढे धावत खांद्यावर जाऊन बसायचं, की चला आता तेवढं संपलं की भांडी.

दुसऱ्या सेशनला मी सरळ विचारलं, “हे जाणवायला साधारण कितव्या आठवड्यापासून लागतं?” बाई हसल्या. टोचून नाही, अगदी ओळखीचं हसल्या. म्हणाल्या, “हाच प्रश्न या आठवड्यात तुमच्या मनात किती वेळा येतो तेवढं मोजा बघू.” मी हिशेबी बाई, मोजलं. पहिल्या दिवशी सव्वीस वेळा. नुसता कोर्सबद्दल नाही, ‘हे कधी संपणार, ते कधी येणार, याचं पुढे काय होणार’ या जातीचा प्रश्न. आंघोळ करताना, लिफ्टमध्ये, कुणी बोलत असताना. सव्वीसनंतर मोजायचा कंटाळा आला. ‘वर्तमानात कसं जगायचं’ हे शिकताना सुद्धा मी ‘वर्तमानात कधीपासून जगायला लागणार’ याची वाट बघत बसले होते, बाजारात तुरी म्हणतात तसलं.

यावर थोडं वाचलंही, कारण मला आकडे दिसल्याशिवाय समाधान होत नाही. २०१० मध्ये हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी फोनवरच्या ॲपमधून २२५० माणसांना दिवसात कधीही विचारलं होतं, आत्ता काय करताय, मन तिथेच आहे का दुसरीकडे, आणि बरं वाटतंय का. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे. म्हणजे सगळं जगच जवळजवळ निम्मा वेळ पुढच्या किंवा मागच्या गुरुवारी राहतंय, मी एकटी नाही, हे वाचून फार बरं वाटलं. त्यातली खरी गंमत पुढे आहे: मन दुसरीकडे चांगल्या विचारात असलं तरी माणसं हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा खूश नव्हती. मनातल्या मांड्यांचा हिशेब झाला की नाही?

दुसऱ्या आठवड्याच्या अभ्यासात ‘सुखद प्रसंगांचं कॅलेंडर’ भरायचं होतं, रोज एक छोटासा चांगला प्रसंग आणि तो घडत असताना, म्हणजे घडत असतानाच, शरीरात काय वाटलं, मनात काय होतं. मंगळवारी मी कॅलेंडरचा रकाना भरायला म्हणून सुखद प्रसंग शोधत फिरत होते. संध्याकाळी लेक मांडीवर डोकं ठेवून पडली आणि माझ्या मनात पहिला विचार आला, अरे वा, आजचा झाला. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या तेच लिहा रकान्यात. लिहिलं. पुढच्या आठवड्यात दुःखद प्रसंगांचं कॅलेंडर, ते मात्र भराभर भरलं, जागा पुरली नाही.

आता तक्रारी एकदमच सांगून टाकते. ईमेल. दर दोन दिवसांनी ईमेल, ‘तुमचं पुढचं सेशन ४८ तासांवर’, ‘२४ तासांवर’, ‘फक्त ३ तास उरले’. आत्तात राहायला शिकवणाऱ्यांनी उलटी गिनती कशाला पाठवावी? बंद करायची सोय शोधली, सापडली नाही, कस्टमर केअरला लिहिलं तर ‘आपली विनंती नोंदवली आहे, लवकरच कळवू’, आणि मी आता ‘लवकरच’ची वाट बघायला लागले. पाचव्या आठवड्यापासून पुढच्या लेव्हलच्या कोर्सची जाहिरात सेशनच्या आधी पाच मिनिटं, जागा मर्यादित, आजच नोंदवा. बाई तेव्हा खाली मान घालून कागद चाळायच्या, त्यांनाही आवडत नसावं. त्या संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही कारण अशा सगळ्याच जागी थोड्याफार फरकाने हेच चालतं असं मैत्रिणींकडून कळलंय. पण एक तारा तिथे गेला. शेवटी सर्टिफिकेट देतात, पीडीएफ. ते कुणाला दाखवायचं म्हणे?

सहाव्या आठवड्यानंतर एक पूर्ण दिवस मौनाचा असतो. घरातच, स्क्रीन चालू, पण बोलायचं नाही, फोन नाही, वाचायचं नाही, बसणं, हळू चालणं, पडणं, पुन्हा बसणं. त्याच्या आदल्या रात्री मला झोप नाही, कसं होणार म्हणून. (तोपर्यंतची सहा आठवड्यांची प्रगती!) सकाळी अकरापर्यंत मी भिंतीवरच्या घड्याळाकडे इतक्यांदा बघितलं की शेवटी उठून ते काढून पालथं ठेवलं. दुपारी हळू चालताना, म्हणजे टाच, मग तळवा, मग बोटं, असं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मला कळलं की फरशीचा एक तुकडा बाकीच्यांपेक्षा गार आहे. बारा वर्षं राहतोय या घरात. तिथे थोडा वेळ उभीच राहिले. का गार आहे तो विचार सुरू झाला, खालून पाइप जात असेल, गळती तर नसेल, प्लंबरला कधी बोलवायचं... आणि मग माझं मलाच हसू आलं, मौनात, आवाज न करता, पोट हलेपर्यंत. त्या दिवसाचं बाकी काही आठवत नाही पण एवढं आठवतं की तो विचार प्लंबरपर्यंतच गेला, एरवी तो घर विकून मोकळा झाला असता.

हेच मला मिळालं. मन पळायचं थांबत नाही, कुणी थांबेल म्हणून सांगत असेल तर खोटं आहे. पण पळालं हे लवकर कळायला लागतं. आधी मी तासाभराने परत यायचे, आता कधी पाच मिनिटांत, कधी दोन. आणि दुसरं म्हणजे बाईंनी तयारी आणि तालीम यात फरक करायला शिकवलं, माझ्या मते सगळ्या कोर्समध्ये हीच एक गोष्ट पैसे देऊन घ्यावी अशी. परतीचं तिकीट काढणं ही तयारी. ते काढून झाल्यावर गाडी चुकली तर काय याचे सात प्रवेश मनात करून बघणं ही तालीम. तयारी केली की यादीवर खूण करता येते, तालमीला खूणच नाही, म्हणून ती संपत नाही. मी वर्षानुवर्षं तालमीला तयारी समजत होते आणि वर लोकांना सांगायचे की बाबांनो मी आहे म्हणून सगळं वेळेवर होतं.

काळजीची वही कोर्समध्ये नव्हती, ती मी स्वतः केली. २०२० मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी सतत काळजी करण्याचा आजार असलेल्या २९ जणांना आपल्या काळज्या लिहून ठेवायला लावल्या आणि महिनाभर कुठली खरी होते ते तपासायला सांगितलं, ९१.४ टक्के खऱ्या झाल्याच नाहीत. मी म्हटलं करून बघू. महिन्यात अडतीस लिहिल्या. तीन खऱ्या झाल्या, त्यातली एक म्हणजे पाऊस पडेल. आणि जी खरी मोठी अडचण त्या महिन्यात आली ती वहीत नव्हतीच.

ती आईची. तपासणीत एक गाठ निघाली आणि तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टला आठ दिवस. कोर्सचा सातवा आठवडा चालू होता, म्हणजे परीक्षाच म्हणा. आठ दिवस मी काही फार वर्तमानात वगैरे नव्हते, खोटं कशाला सांगू. रात्री तीनला उठून मी तिच्या ऑपरेशननंतरची खोली कुठली करायची ते ठरवलेलं होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ मध्ये एक प्रयोग झाला होता, ४५ माणसांना कॉम्प्युटरवर दगड उलटायला दिले, खाली साप निघाला की हाताला शॉक. शॉक नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमी होता, बसेल की नाही अगदी अर्धं-अर्धं असताना सगळ्यात जास्त. ते आठ दिवस म्हणजे तो दगड.

रिपोर्टच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये टोकन ४१, स्क्रीनवर २३. मी २३ कडे बघत होते, २४ व्हायची वाट बघत, आणि मनातल्या मनात प्रत्येक नंबरला चार मिनिटं गुणून वेळ काढत. आई शब्दकोडं सोडवत बसली होती, चष्मा नाकावर, पेन्सिल पर्समधली बुटकी झालेली. तिने कोपराने ढोसलं, “अगं, हत्ती, चार अक्षरी. दुसरं ज.” मला काही सुचेना, सुचणार कसं, मी टोकन ४१ च्या दाराआत बसले होते. “अगं सांग ना,” म्हणाली. आणि तेव्हा कळलं, की पळाले. एवढंच झालं, घंटा वाजली नाही की काही नाही. पाय जमिनीवर टेकवले, खुर्चीचं थंड प्लास्टिक मांडीखाली जाणवलं, आईच्या पेन्सिलचा खरखर आवाज. कोड्याकडे बघितलं. “शेवटचं पण ज आहे की गं,” मी म्हटलं, “गजराज.” “अरे हो,” म्हणाली आणि इतकी खूश झाली की शेजारच्या काकांनी वळून बघितलं. त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून अख्खी डावी बाजू सोडवली, एका आडव्या शब्दावरून भांडलो सुद्धा. ४१ कधी लागला कळलं नाही, कुणीतरी हाक मारून सांगितलं.

रिपोर्ट चांगला नाही, वाईटही नाही. ‘आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी परत बघू.’ म्हणजे दगड परत हातात. मी लगेच फोन काढून तारीख टाकायला लागले तर आईने ती चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, पर्समध्ये ठेवली, म्हणाली, “राहू दे माझ्याकडे, तू सहा महिने रोज बघशील.” कोर्स कुणी केला होता हा प्रश्नच आहे. (तारीख मी नंतर गुपचूप विचारून घेतली. एकदा. ती तयारी.)

आता घ्यावा का कुणी? तुम्हाला माझ्यासारखी पुढे पळायची खोड असेल आणि रोज पाऊण तास खरंच निघत असेल तर घ्या. तो निघत नसेल तर नका घेऊ, नुसती सेशन्स ऐकून माझ्या बॅचमधल्या चौघांना काही मिळालं नाही आणि अभ्यास राहिला म्हणून अपराधी वाटलं ते वेगळंच. चमत्कार शोधत असाल तरी नको. २०१४ मध्ये ४७ चाचण्या एकत्र करून बघितल्या होत्या, ३५१५ माणसं, तर काळजी आणि उदासीवर थोडा ते मध्यम फायदा दिसला, पण व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस आहे असं काही दिसलं नाही. म्हणजे तुम्ही रोज पळायला जात असाल आणि त्याने बरं वाटत असेल तर पैसे वाचवा. उलट २०२२ मध्ये काळजीच्या आजाराच्या २७६ जणांवर अभ्यास झाला, निम्म्यांना हाच आठ आठवड्यांचा कोर्स आणि निम्म्यांना एसिटालोप्राम नावाची नेहमी देतात ती गोळी, तर कोर्स गोळीपेक्षा कमी पडला नाही. पण म्हणून चालू असलेली गोळी कुणी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आमच्या बॅचमधला एक मुलगा तसं बोलला तेव्हा बाईंनी पहिल्यांदा आवाज चढवला. आणि डोळे मिटून शांत बसल्यावर जुनं काही भयंकर वर येत असेल तर आधी डॉक्टरशी बोला, सगळ्यांना शांत बसणं मानवत नाही. हे त्यांनी नोंदणीच्या आधी विचारायला हवं होतं, फॉर्ममध्ये फक्त टी-शर्टचा साइझ विचारला. टी-शर्ट अजून आलेला नाही.

बाईंना पाच तारे, साच्याला चार, संस्थेला दीड. सरासरी तुम्ही काढा, मी साडेतीन म्हणतेय कारण गजराज.

घेतलाच तर सकाळची बॅच घ्या. रात्रीच्या बॅचला बॉडी स्कॅनमध्ये लोक घोरतात आणि माइक बंद करायचं विसरतात, त्यातला एक आवाज माझा होता असं नंतर रेकॉर्डिंग ऐकताना कळलं.